नाटकमंडळी आणि जमिनीचा भाव

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावाने महाराष्ट्राला दोन किर्लोस्कर दिले. पहिले बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब, जन्म १८४३. दुसरे लक्ष्मण काशीनाथ, जन्म १८६९. एकाने संगीत नाटक उभे केले, दुसऱ्याने लोखंडी नांगर. दोघांच्याही उमेदवारीचा काळ बेळगावात गेला आणि दोघांच्याही कर्तृत्वाला बहर आला तो बेळगाव सुटल्यावर. अण्णासाहेब येथील सरदार्स हायस्कुलात शिक्षक होते, पुढे सरकारी कचेरीत नोकरीस लागले. परंतु त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी रंगभूमीवर आले ते पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात. लक्ष्मणरावांनी बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यातून कारखाना निघाला, नांगर तयार होऊ लागले. आणि १९१० साली नगरपालिकेला ठळकवाडीचे नवे उपनगर वसवावयाचे होते म्हणून त्यांना जागा खाली करावी लागली. आज ज्याला आपण टिळकवाडी म्हणतो तेच हे उपनगर. औंधच्या अधिपतींनी आपल्या संस्थानातील ओसाड माळ देऊ केला आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली.

नाट्येतिहासाच्या लेखात नांगराचा कारखाना कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, शहर वाढते तेव्हा त्याच्या वाढीला ज्यांनी हातभार लावला त्यांनाच ते प्रथम उठवते, ही गोष्ट कारखान्याच्या बाबतीत आपण चटकन ओळखतो. नाटकाच्या बाबतीत ओळखीत नाही. कारखान्याची यंत्रे गाडीत घालून नेता येतात आणि माळावर मांडली तरी चालतात. नाटकाला प्रेक्षक लागतो, आणि प्रेक्षक वस्तीत राहतो. वस्ती महाग झाली की प्रेक्षक तरी उठतो, नाही तर रंगमंच तरी. कित्येकदा दोन्ही उठतात.

हा विचार मनात घोळू लागला तो बेळगावहून खानापूरकडे जाताना. उद्यमबागेतील ओतशाळा आणि यंत्रांचे कारखाने मागे पडले की पिरनवाडी लागते. पूर्वी ही भातशेतीच्या कडेची वाडी होती. आता जनगणनेच्या नोंदीत तिची गणना नगरात होते. पुढे मच्छे, आणि तेथे १९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ. रस्त्याच्या दोहो अंगांना प्लॉट पाडल्याच्या पाट्या दिसतात. ह्या पट्ट्यातील मराठी गावांत जत्रेला गावच्या पोरांनी नाटक बसवण्याची रीत आहे, आणि ते नाटक कोणाच्या तरी मोकळ्या शेतात किंवा खळ्यावर होत असे. त्या शेताचा प्लॉट झाला म्हणजे नाटकाचे काय होते, हा प्रश्न लहान दिसतो. पण मराठी रंगभूमीच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात तो पुन्हापुन्हा आलेला आहे, आणि दर वेळी त्याचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत सापडते.

प्रथम मुंबईकडे वळू. मुंबईतील पहिले इंग्रजी नाट्यगृह किल्ल्यातील हिरवळीवर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, १७७६ मध्ये उभे राहिले. ते सतत कर्जात असे. शेवटी १८३५ साली कर्जफेडीसाठी ते विकले गेले आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी ते घेतले. व्यापारी पेठेच्या ऐन मध्यावर नाटकाला परवडेल असा चौरस हात उरला नव्हता. मग जगन्नाथ शंकरशेट यांनी किल्ल्याबाहेर ग्रँट रोडवर जागा दिली आणि १८४६ मध्ये नवे नाट्यगृह सुरू झाले. तो भाग त्या वेळी शहराचा कडेचा भाग. जमीन स्वस्त म्हणून नाटक तेथे गेले आणि नाटकामागोमाग वस्ती गेली. त्याच नाट्यगृहात ९ मार्च १८५३ रोजी विष्णुदास भावे यांच्या मंडळीने आपला खेळ केला. पुढे त्या परिसरात एकामागून एक नाटकगृहे झाली आणि लोकांच्या तोंडी ‘प्ले हाऊस’चे ‘पिलाहाऊस’ झाले. नाटके गेली, सिनेमा आले, तेही उतरणीस लागले. मुंबईकराच्या जिभेवर नाव मात्र टिकले. रंगभूमीच्या इतिहासात दगडविटांपेक्षा अपभ्रंश अधिक टिकाऊ ठरल्याचे हे एकच उदाहरण नसावे.

भाव्यांच्या मुंबईस येण्याचे कारणही आपण विसरतो. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले ते अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. तेथे तिकीट नव्हते, जागेचे भाडे नव्हते, तेलवातीचा खर्चही राजाचा. १८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले आणि दरबारी आश्रय आटला. तेव्हा भावे मंडळीला घेऊन बाहेर पडले. मराठी नाटकाचा धंदा झाला तो ह्या बाहेर पडण्यात. आपण ह्या प्रसंगाचे वर्णन ‘लोकाश्रय मिळाला’ अशा गोड शब्दांत करतो. वहीच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की, जो खर्च पूर्वी दुसऱ्याच्या नावे पडत होता तो आता मंडळीच्या नावे पडू लागला, आणि त्यातील पहिली रकम होती नाट्यगृहाच्या भाड्याची.

किर्लोस्कर मंडळीपासून पुढची पन्नास वर्षे आपण रंगभूमीचे वैभवयुग मानतो. ते वैभव खरे होते. पण त्या वैभवाची मांडणी कशी होती हे पाहण्यासारखे आहे. नाटकमंडळी म्हणजे एक चालते बिऱ्हाड. नट, साथीदार, पडदे रंगवणारे, कपडेवाले, आचारी, पाणके, लहान मुले आणि त्यांचे मास्तर असा मोठा कुटुंबकबिला एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास हलत असे. खेळ असो वा नसो, दोन्ही वेळची पाने मांडावी लागत. पावसाळ्यात मुक्काम लांबला की उत्पन्न थांबे, पंगत थांबत नसे. मालकी भागीदारांची, भागीदार बहुधा प्रमुख नटच. त्यामुळे जो उत्तम गातो तोच हिशेबही पाहतो, किंवा पाहत नाही. मंडळीचे भांडवल म्हणजे पडदे, पोशाख, दागिने आणि नटाचा गळा. ह्यांतील तिन्ही वस्तू सावकाराकडे गहाण पडू शकत, आणि चौथीवर तर सारे कर्ज उभे असे. एकाच भांडवलात मंडळी दुबळी होती: पायाखालची जमीन तिची नव्हती.

किर्लोस्कर मंडळीने पुण्यात स्वतःचे नाट्यगृह बांधले. तसे करणारी संस्था विरळाच. परंतु फिरत्या मंडळीने स्थावर करावे, ह्यातच एक पेच होता. मंडळी वर्षाचे बरेच महिने बाहेरगावी असावयाची. तेवढा काळ आपल्याच इमारतीत तिला दुसऱ्यांची नाटके लावावी लागणार, म्हणजे नाटकवाल्याने घरमालकाचा धंदा शिकावयाचा. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, नानासाहेब जोगळेकर १९११ मध्ये. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. इमारत जागीच राहिली, गळे चालते झाले. भागीदारीच्या संस्थेत नटाची किंमत आणि विटांची किंमत ह्यांचा मेळ कसा घालावा, हे तेव्हा कोणाला उमगले नाही. आजही उमगले आहे असे वाटत नाही.

गंधर्व मंडळीच्या कर्जाची कहाणी सर्वश्रुत आहे, ती येथे पुन्हा सांगत नाही. उंची अत्तरे आणि खरे गालिचे ह्यांवर तिचे खापर फोडण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बॉमोल आणि बोएन यांनी १९६६ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. कापडाच्या गिरणीत तितक्याच मजुरांकडून दरसाल अधिक कापड निघू शकते. चार वादकांची रचना वाजवावयास मात्र शंभर वर्षांपूर्वी चारच माणसे लागत आणि आजही चारच. बाहेरचे वेतन वाढले की ह्या चौघांचेही वाढवावे लागते, काम मात्र वाढत नाही. ‘सौभद्रा’ला १८८२ मध्ये जेवढी पात्रे लागली तेवढीच आजही लागतात, आणि रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही. म्हणजे काटकसरीने चालवलेली नाट्यसंस्थादेखील दरसाल थोडी थोडी महाग होत जाते. ही तूट कोणी तरी भरून काढीत असतो: राजा, सावकार, भक्त, किंवा घरचे खाऊन तालमीस येणारा हौशी नट. आणि जमीनमालकही, जोवर तो बाजारभावापेक्षा कमी भाडे घेतो तोवर. ह्या शेवटच्या आश्रयदात्याचे नाव कोणत्याही नाट्यमंडळीच्या आभारपत्रिकेत नसते.

१९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’. त्यानंतर काही वर्षांत मोठ्या मंडळ्या एकेक करून बसल्या. खुद्द बालगंधर्व १९३५ च्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर दिसले. प्रेक्षक बोलपटाकडे धावला आणि नाटक ओस पडले, असे आपण शिकवतो. प्रेक्षक धावला हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच्याही आधी नाट्यगृहाच्या मालकाने विचार केला. नाटकमंडळी आठवड्यातून तीन-चार रात्री खेळ करणार, बाकीच्या रात्री इमारत अंधारात. सिनेमाचे यंत्र रोज दोन-तीन वेळा चालणार आणि त्याला जेवू घालावे लागत नाही. मालक मंडळीचा शत्रू नव्हता; त्याला हिशेब येत होता. गावोगावची थिएटरे टॉकीज झाली तेव्हा ज्यांना नाटकच पाहावयाचे होते त्यांनाही ते पाहावयास जागा उरली नाही. प्रेक्षकाने नाटक सोडले की जागेने, ह्याचा निवाडा करताना दोन्ही पक्षांची साक्ष घेतली पाहिजे.

येथे शेक्सपिअरच्या मंडळीची आठवण होते. बर्बेज कुटुंबाने १५७६ साली लंडनच्या वेशीबाहेर शोअरडिच येथे दुसऱ्याच्या जमिनीवर एकवीस वर्षांच्या पट्ट्याने नाट्यगृह बांधले. मुदत संपली, जमीनमालक पट्टा वाढवून देईना. डिसेंबर १५९८ च्या अखेरीस मंडळीने सुतार नेऊन नाट्यगृहाच्या तुळया आणि वासे उतरवले, थेम्सच्या दक्षिण तीरावर वाहून नेले, आणि त्याच लाकडातून १५९९ मध्ये ‘ग्लोब’ उभे राहिले. जमीन तुमची असेल, लाकूड आमचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. नव्या जागी त्यांनी आणखी एक शहाणपण केले: नाट्यगृहाच्या मालकीत प्रमुख नटांचेच हिस्से ठेवले. ‘हॅम्लेट’ लिहिणारा मनुष्य आपल्या नाट्यगृहाचा भागीदार होता, ही गोष्ट त्याच्या प्रतिभेच्या चर्चेत क्वचितच येते.

आपल्याकडे जमिनीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो कोल्हापुरात. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते. तेथील प्रेक्षागृहे त्यांनी पाहिली. परतल्यावर त्यांनी खासबाग मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर बांधवले. ते १९१५ मध्ये खुले झाले. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी. दोन्हींचा प्रेक्षक एकच, हे त्या राजाला ठाऊक होते. केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीस ललितकलादर्श मंडळी स्थापन केली होती. १९२१ मध्ये ते अकाली गेले आणि पुढे ह्या नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले. भोवतीचे शहर वाढले, जमीन सोन्याच्या मोलाची झाली, पण ती विकावी असा प्रश्न शंभर वर्षे कोणी काढू शकला नाही, कारण ती कोणा एकाची नव्हती. हुबळी, बेळगाव, निपाणी, कोल्हापूर ह्या वाटेने जाणाऱ्या मंडळ्यांना हा भरवशाचा मुक्काम होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ह्या वास्तूला आग लागली आणि रंगमंचासकट तिचा मोठा भाग जळाला. तो धक्का सर्व मराठी मुलखाने अनुभवला. बाजारापासून वाचलेली वास्तू देखभालीच्या प्रश्नातून आपोआप वाचत नाही. सार्वजनिक मालकीलाही रोज सकाळी कुलूप उघडून तारा तपासणारा माणूस लागतो.

आता गिरणगावाकडे. ह्या विषयाचा गाभा तेथे आहे.

परळ, लालबाग, शिवडी, वरळी, नायगाव ह्या भागांत कोकण-घाटावरून आलेला कामगार चाळीच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राही, आणि त्याच चाळींच्या पटांगणात नाटक करी. भजनी मंडळे, शाहिरांची कलापथके, नमन, जाखडी, दशावतार, गणेशोत्सवातील नाटके ह्या सर्वांचे अर्थशास्त्र एकाच गोष्टीवर उभे होते: कलावंत, प्रेक्षक आणि जागा ही तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. तालमीस भाडे नव्हते, प्रवासखर्च नव्हता, जाहिरात तोंडोतोंडी. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे. कामगाराला परवडेल अशा दरात तेथे शतकभर खेळ झाले. १९५३ मध्ये मुंबई राज्यात कामगार कल्याण मंडळ आले. त्याच्या नाट्यस्पर्धांतून गिरण्यांतील आणि कारखान्यांतील नटांना रंगमंच मिळाला. मराठी व्यावसायिक रंगभूमीला नट पुरवणारी ही रोपवाटिका होती, आणि त्या रोपवाटिकेसाठी व्यावसायिक रंगभूमीने कधी एक पैसा मोजला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर संपलाच नाही. गिरण्या मात्र संपल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग ठरवले होते: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक घरांसाठी, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती ठेवली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. सुमारे ६०० एकरांच्या त्या पट्ट्यात जेथे चिमण्या होत्या तेथे मनोरे आणि बाजारसंकुले आली. लंडनच्या समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी कष्टकऱ्यांच्या वस्तीत सधनांनी शिरून मूळच्यांना हळूहळू उठवण्याच्या ह्या प्रक्रियेला १९६४ साली इंग्रजीत नाव दिले. मराठीत तिला अजून सुटसुटीत शब्द नाही. ‘उच्चभ्रूकरण’ असा एक जड शब्द लिहिला जातो. चाळीतला माणूस मात्र साधेच बोलतो: आमचा एरिया राहिला नाही.

नाट्यसंस्थेच्या दृष्टीने ह्यात काय घडले ते पाहा. प्रेक्षक कल्याण, डोंबिवली, वसई, विरारकडे गेला. रात्रीचा प्रयोग साडेअकराला सुटला तर शेवटच्या गाडीची चिंता. तालमीस येणारे पोर दोन तास प्रवास करून येणार. म्हणजे नाट्यगृह जागच्या जागी असूनही त्याच्याभोवतालचे फुकटचे सारे भांडवल निघून गेले होते. त्यानंतर जागेची पाळी आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद करण्यात आले. रंगकर्मींनी आणि त्या वास्तूशी दीर्घकाळ निगडित असलेल्या सहकारी मनोरंजन मंडळाने विरोध केला, आंदोलन झाले. मालक संस्थेचीही बाजू होती: जुनी इमारत, तिचा वाढता खर्च, आणि संस्थेची इतर लोकोपयोगी कामे. धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांना आपल्या मालमत्तेचा उत्तम उपयोग करावयाचा असतो. ‘उत्तम’ म्हणजे काय, एवढ्यावरच वाद. मला ह्या वादात एकच गोष्ट बोलाविशी वाटते. नव्या इमारतीत नाट्यगृह मिळेल की नाही, हा प्रश्न सर्वांनी विचारला. त्याचे एका रात्रीचे भाडे किती असेल आणि ते ठरवणाऱ्यांत जाखडीचा फड घेऊन येणारा कोणी असेल काय, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. खरे तर आधी हा दुसरा प्रश्न, मग पहिला.

दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृहही ह्याच संदर्भात आठवते. ‘आविष्कार’ संस्थेने १९७४ पासून सुमारे दीड तप तेथे प्रायोगिक नाटके केली. भाडे अल्प, खुर्च्या साध्या, उकाडा पुष्कळ. एका अख्ख्या नाट्यचळवळीला नाटककाराचे वा सिद्धान्ताचे नाव न पडता एका शाळेचे नाव पडले. ती जागा सुटल्यावर संस्था माहीमच्या पालिकाशाळेत गेली आणि काम चालू राहिले. पण ‘माहीम चळवळ’ असे कोणी म्हटले नाही.

याउलट टिकलेल्या संस्थांकडे पाहिले तर त्यांच्यात प्रतिभेपेक्षा घटनेचे साम्य अधिक दिसते. पुण्याचे भरत नाट्य मंदिर १८९४ साली विद्यार्थ्यांच्या हौशी मंडळातून निघाले. सदाशिव पेठेसारख्या महाग वस्तीत ते उभे आहे, कारण वास्तू सभासदांच्या संस्थेची आहे. धी गोवा हिंदु असोसिएशनच्या कला विभागाने १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले. रामकृष्ण नायक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तेथे नाटक चालवले ते संस्थेचे कार्यकर्ते म्हणून. पुढे त्याच माणसांनी गोव्यात बांदिवडे येथे वृद्धांसाठी ‘स्नेहमंदिर’ उभारले. ‘नटसम्राट’ करणाऱ्यांनी म्हाताऱ्यांना छप्पर दिले, ह्यात योगायोग किती आणि विचार किती हे सांगता येत नाही. पण नट-भागीदारांच्या मंडळीला जे साधले नाही ते सभासदांच्या संस्थेला साधले, एवढे खरे. अशा संस्थांचेही दुखणे असते. बैठका लांबतात, निवडणुका होतात, नाटक मागे पडते आणि घटनेतील कलमांवर रात्री जागतात. ज्या वाचकांनी एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर काम केले असेल त्यांस अधिक सांगणे नलगे.

नगरपालिकांची नाट्यगृहे हा तिसरा मार्ग. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन २६ जून १९६८ रोजी झाले. नदीकाठच्या त्या जागेची किंमत आज कोणालाही सांगावी लागत नाही. ते पाडून तेथे मोठे संकुल बांधावे, असे प्रस्ताव पुढे आले आणि रंगकर्मींनी त्यांना विरोधही केला. पालिकेची जमीन विकली जात नाही खरी, पण तिचाही भाव मोजला जातोच.

बेळगावात ह्या सर्व गोष्टींच्या लहान लहान प्रतिकृती दिसतात. जुन्या रिट्झ चित्रपटगृहाचे लोकमान्य रंगमंदिर झाले. १९३० नंतर थिएटरांची टॉकीज झाली होती, येथे टॉकीजचे थिएटर झाले. शासनाचे कुमार गंधर्व रंगमंदिर आहे. कुमारांचा जन्म १९२४ सालचा, जवळच्याच सुळेभावीचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये फैय्याज यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन येथे भरले. ह्या मुलखात नाटकाची भूक एका भाषेची नाही. अण्णासाहेबांनी आपल्या पदांना कानडी चाली घेतल्या. गोकाकच्या बाजूस कुलगोड तम्मण्णाच्या ‘श्रीकृष्ण पारिजाता’ला सारा गाव रात्रभर बसतो. जागेची अडचणही म्हणून दोन्ही भाषांची सारखीच आहे. शहरातील सभागृहाचे भाडे, तिकीटविक्री आणि ध्वनियोजनेचा खर्च मराठी मंडळाला जेवढा पडतो तेवढाच कानडी मंडळाला.

खेड्यांकडे मात्र अजून एक वेगळे अर्थशास्त्र जिवंत आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरे ह्या गावांनी आपापली मराठी साहित्य संमेलने भरवली, ती कोणत्याही कायम कचेरीवाचून. कोणी मंडप देतो, कोणी तांदूळ, कोणी पाहुण्यांना घरी उतरवून घेतो. शेवटी जमाखर्च चव्हाट्यावर वाचला जातो. गावच्या नाटकाचेही असेच. मे महिन्यात किंवा लक्ष्मीच्या जत्रेला तालमी सुरू होतात. कारखान्यातून पाळी संपवून आलेला तरुण रात्री दहाला संवाद म्हणू लागतो. येथे बॉमोलची तूट तो तरुण आपल्या झोपेने भरून काढतो, आणि जागेची तूट शेतकरी आपल्या पडीक वावराने. ह्या दोघांपैकी पहिला अजून आहे. उद्यमबागेत पाळ्या चालू आहेत तोवर तो राहील. दुसऱ्याने वावर विकले आहे, आणि त्यात त्याची चूक कोण काढणार? चार पिढ्या भात पिकवून जे मिळाले नाही ते एका सहीने मिळाले.

पिरनवाडीसारख्या गावाची स्थिती ह्यामुळे गिरणगावाच्या उलट टोकाची आणि तरी तीच आहे. गिरणगावात कष्टकऱ्याला उठवून सधन आला. येथे मूळचा गावकरी उठला नाही. तो आपल्याच घरात आहे, त्याच्या घराला मजला चढला आहे, वरच्या खोल्या भाड्याने गेल्या आहेत. उठले आहे ते गावाचे मोकळेपण. जत्रेची पालखी निघते, पण ती टेकावी कोठे, रात्री दोन हजार माणूस बसावे कोठे, हे दरसाल नव्याने शोधावे लागते. मंगल कार्यालय भाड्याने घ्यावे तर लग्नसराई आणि जत्रा एकाच मोसमात. शाळेचे मैदान मागावे तर परवानगी, अनामत, ध्वनिक्षेपकाची वेळ. वर्गणी तीच, खर्चात मात्र एक नवे कलम आले आहे: जागा. सांगलीच्या दरबारातून बाहेर पडल्यावर भाव्यांच्या वहीत जे कलम पडले ते येथवर येऊन पोहोचावयास पावणेदोन शतके लागली, एवढेच.

वास्तविक प्लॉट पाडताना काही जमीन उद्यानासाठी आणि काही नागरी सुविधांसाठी सोडावी लागते, असा कर्नाटकातील नगररचनेचा नियम आहे. अशा जागांवर दवाखाना, शाळा, टपाल कचेरी यांची मागणी होते. उघड्या रंगमंचाची मागणी कोणत्याही मंडळाने केल्याचे ऐकिवात नाही, कारण नाटकाला जागा मागावी लागते ही कल्पनाच गावाला नवी आहे. नकाशावर हे चौकोन हिरव्या रंगाने दाखवलेले असतात. एका चौकोनाला पन्नास हात लांबीचा कट्टा, विजेची एक स्वतंत्र जोडणी आणि पावसाचे पाणी जाण्यास उतार एवढे पुरे. भिंती नकोत, छप्परही नको. वर्षातून आठ रात्री तो नाटकाचा, उरलेल्या दिवशी भात वाळवणाऱ्याचा आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा. एखाद्या गावच्या नाट्यमंडळाने पुढच्या जत्रेच्या वर्गणीची पावतीपुस्तके छापण्यापूर्वी एकदा पंचायतीच्या कचेरीत जाऊन तो नकाशा पाहावा. नाटकाचे नाव त्यानंतर ठरवले तरी चालेल.